पुराचे पाणी आणि कचेरीचे काम

आषाढ-श्रावणाच्या सरी मुंबई-पुण्यावर कोसळू लागल्या की दोन गोष्टी न विचारता घरात शिरतात. एक पुराचे पाणी आणि दुसरे कचेरीचे काम. पाणी निदान उंबऱ्यापाशी घटकाभर घुटमळते, कामाला तेवढाही संकोच नसतो. पाणी दोन दिवसांत ओसरते आणि त्याचा पंचनामा करावयास तलाठी येतो. घरात शिरलेले काम मात्र ओसरत नाही, आणि त्याचा पंचनामा करावयास कोणीही येत नाही.

१९ ऑगस्ट २०२५ चा दिवस आठवावा. मुंबईत पावसाने असे थैमान घातले की शासकीय व निमशासकीय कार्यालयांना सुट्टी द्यावी लागली आणि खाजगी आस्थापनांनी आपल्या कर्मचाऱ्यांना घरूनच काम करू द्यावे, असे आवाहन महापालिकेला करावे लागले. आवाहन योग्यच होते. तुंबलेल्या रुळांवरून माणसे चालविण्यापेक्षा ती घरी सुखरूप असलेली बरी. परंतु याच महानगरात २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला होता. तेव्हा गाड्या थांबल्या, माणसे थांबली आणि त्यांच्याबरोबर कामही थांबले. वीस वर्षांनंतर गाड्या थांबतात, माणसे थांबतात, काम मात्र थांबत नाही. पर्जन्यराजाने कष्टकऱ्यांना दिलेली ही एकमेव पगारी रजा भांडवलदारांनी हिरावून घेतली आहे.

पावसामुळे शाळा सुटलेले पोर आनंदाने घरी येते. बाप मांडीवर लॅपटॉप घेऊन, छताच्या ओलीखालून अंग चोरीत बसलेला त्याला दिसतो. आई एका हाताने कांदा चिरते आहे आणि दुसऱ्या कानाने साहेबांची सभा ऐकते आहे. कढईतल्या तेलाची चरचर साहेबांच्या कानी पडू नये म्हणून भज्यांचा बेत सभा संपेपर्यंत पुढे ढकलला गेला आहे. सभा दिवेलागणीपर्यंत संपत नाही. “तुमच्या शाळेला पाऊस लागत नाही का?” असे त्या पोराने विचारलेच, तर त्याच्या प्रश्नात आजच्या श्रमव्यवहाराचे सारे अर्थशास्त्र सामावलेले आहे.

नवलाई कशाची?

मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर ‘वर्क फ्रॉम होम’ हा जणू एकविसाव्या शतकाने लावलेला शोध आहे, अशा थाटात वृत्तपत्रांचे रकाने भरले गेले. सोलापूरच्या पूर्व भागातील विडी वळणाऱ्या बाईला ही नवलाई सांगावी, म्हणजे ती काय म्हणेल? तिची आजी घरून काम करीत होती, आई करीत होती, तीही करते आहे. कंपनीच्या शाखेतून तेंदूची पाने, तंबाखू आणि सूत आणावयाचे. घरी पाने भिजवावयाची, कापावयाची. हजाराच्या हिशेबाने विड्या वळून पुन्हा शाखेत नेऊन द्यावयाच्या. जागा तिची, दिवा तिचा, कात्री तिची, मोडणारी पाठही तिचीच. गिरगावात १९५९ साली सात स्त्रियांनी ८० रुपयांच्या उसनवारीवर सुरू केलेल्या पापडउद्योगातही लाटण्याचे काम घरोघरीच होते. मात्र तेथे लाटणारी स्त्री संस्थेची भागीदार आहे, हा भेद प्रामाणिकपणे नोंदविला पाहिजे. राख्या, कंदील, कपड्यांना लावावयाची बटणे ही सारी घरबसल्या कामाचीच रूपे. आणि पावसाळ्याचे म्हणाल तर या स्त्रियांना तो इंजिनियरापेक्षा आधीपासून ठाऊक आहे. पापड वाळत नाहीत, पाने बुरसतात, दमट विडी नाकारली जाते. ज्या महिन्यात घर गळते, त्याच महिन्यात कमाई घटते.

कार्ल मार्क्सने १८६७ साली ‘भांडवल’ ग्रंथाच्या पहिल्या खंडात एक महत्त्वाचा भेद दाखविला होता. जुना घरगुती उद्योग म्हणजे स्वतंत्र कारागिराचा उद्योग. यंत्रयुगातला घरगुती उद्योग वरकरणी तसाच दिसतो. परंतु तो कारखान्याचाच बाहेरचा विभाग झालेला असतो. भिंती पाडून कारखाना गल्लोगल्ली पसरलेला असतो, इतकेच. उक्त्या मजुरीच्या पद्धतीत मालकाला देखरेखीचा खर्चही करावा लागत नाही, कारण मजूर स्वतःच स्वतःचा मुकादम बनतो, हेही त्याने दाखवून दिले. दीडशे वर्षांपूर्वीचे हे विवेचन आजच्या ‘टार्गेट’ आणि ‘डिलिव्हरेबल’ यांच्या युगाला लावून पाहावे. एक अक्षरही शिळे झालेले नाही.

छप्पर बदलले की कायदा सुटतो

कामगारांच्या हक्कांचा इतिहास हा मुख्यतः एका छपराखाली एकत्र आलेल्या माणसांचा इतिहास आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळविली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखाते सांभाळीत असताना ४८ तासांच्या आठवड्याचा पाया घातला गेला आणि १९४६ च्या कायदादुरुस्तीने तो प्रत्यक्षात आला. १९४८ च्या कारखाना कायद्याने प्रकाश, हवा, पिण्याचे पाणी, पाळणाघर यांची तरतूद केली. परंतु हा कायदा छपराला बांधलेला होता. यंत्रशक्तीसह दहा आणि तिच्याविना वीस कामगार एका जागी असतील, तरच ती जागा कारखाना ठरे.

मालकवर्गाने या व्याख्येतील फट तत्काळ हेरली. विडी कारखानदारांनी काम घरोघर वाटले आणि “आमचा कारखानाच नाही, तर कामगार कोठून येणार?” असा साळसूद प्रश्न विचारला. त्याचे उत्तर मिळविण्यास पुष्कळ वर्षे झगडावे लागले. विडी उक्त्या दराने वळली आणि कामगार मनास येईल त्या वेळी आला-गेला, तरी तयार माल तपासून नाकारण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो तो मालकच होय, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली नागपूरच्या एका विडी कारखान्याच्या प्रकरणात मान्य केले. १९६६ साली विडी व सिगार कामगारांचा स्वतंत्र कायदा झाला आणि घरी विडी वळणारी स्त्री कायद्याच्या भाषेत प्रथमच कामगार ठरली. मालकांनी या कायद्यालाही आव्हान दिले. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. पुढे १९८५ साली घरच्या विडी कामगारास भविष्यनिर्वाह निधीचा हक्क आहे, हेही त्याच न्यायालयाने सांगितले.

यातले काहीही आकाशातून पडले नाही. सोलापूर, सिन्नर, निपाणीच्या स्त्रियांनी मोर्चे काढले, त्यांतून ते साकारले. आणि जे मिळविले ते टिकवावे लागते, याचाही धडा याच इतिहासात आहे. १९७६ साली विडी कामगारांच्या कल्याणासाठी बसविलेला उपकर वस्तू व सेवा कराच्या आगमनाबरोबर २०१७ साली रद्द झाला. त्यांचा स्वतंत्र कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांत विरघळून गेला. मिठाचा खडा पाण्यात विरघळतो, तेव्हा तो नाहीसा झाला नाही असे रसायनशास्त्र म्हणते. परंतु तो हाताला लागत नाही, हा अनुभव खोटा कसा मानावा?

खर्च कोणाच्या माथी?

घरून काम करणे ही कंपनीने केलेली मेहेरबानी आहे, असा समज हेतुतः पसरविला जातो. त्याचा हिशेब साध्या अंकगणिताने मांडता येईल. समजा, एका कंपनीत हजार माणसे आहेत आणि प्रत्येकाच्या बैठकीमागे भाडे, वीज, वातानुकूलन, साफसफाई मिळून महिना ६,००० रुपये खर्च येतो. निम्मी माणसे घरी बसविली की महिन्याला ३० लाख रुपये वाचले. हा खर्च नाहीसा झाला काय? मुळीच नाही. त्याचा मोठा भाग पाचशे घरांत वाटला गेला. कोणाच्या घरभाड्यातील एक कोपरा कंपनीच्या टेबलासाठी गेला, कोणाचे वीजबिल वाढले, कोणी कंबर धरली म्हणून पदरमोड करून खुर्ची आणली. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर मालकाच्या स्थिर भांडवलाचा एक हिस्सा कामगाराच्या वेतनातून भागविला जाऊ लागला. विडीवालीच्या कात्रीचे आणि इंजिनियराच्या खुर्चीचे गोत्र एकच आहे.

येथे प्रतिपक्षाचा युक्तिवाद न्याय्यपणे ऐकला पाहिजे. घरून काम कामगारालाच हवे असते, असे म्हटले जाते, आणि त्यात पुष्कळ तथ्य आहे. हिंजवडीच्या रस्त्यावर किंवा विरारच्या लोकलमध्ये रोजचे दोन-तीन तास घालविणाऱ्या माणसाला ते तास परत मिळाले तर तो ते नाकारील कशाला? अपंग व्यक्तीला, आजारी आईबापांची सेवा करणाऱ्याला, तान्ह्या मुलाच्या आईला ही सोय म्हणजे नोकरी टिकण्याचा एकमेव आधार असू शकते. समाजवाद्याने कामगाराच्या सोयीला विरोध करण्याचे कारण नाही. प्रश्न सोयीचा नाही, अटींचा आहे. वाचलेले दोन तास कोणाच्या पदरात पडले? ते विश्रांतीला, वाचनाला, मुलांना मिळाले तर तो कामगाराचा विजय. तेच तास साहेबांच्या सकाळच्या आणि रात्रीच्या सभांत गेले, तर तिकिटाचे पैसे वाचवून माणसाने दिवस गमावला.

आणि मालकवर्गाची निष्ठा घरावरही नाही, कचेरीवरही नाही. २०२० साली “घरी बसून उत्पादकता वाढली” असे सांगणाऱ्या कंपन्यांनीच २०२३ पासून “कचेरीत आल्यावाचून कार्यसंस्कृती टिकत नाही” असे पालुपद सुरू केले. मुसळधार पाऊस पडला की घर हे कार्यस्थळ ठरते, ऊन पडले की तेच घर आळसाचे माहेर ठरते. जानेवारी २०२५ मध्ये तर एका बड्या अभियांत्रिकी कंपनीच्या अध्यक्षांनी आठवड्याला ९० तास कामाचा पुरस्कार केला आणि रविवारी घरी बसून माणूस बायकोकडे किती वेळ पाहात राहणार, असा सवाल टाकला. लोखंड्यांनी १८९० साली मिळविलेल्या रविवारवर एकविसाव्या शतकातील मालकाचा हा अभिप्राय आहे. आठवड्याचे सहा दिवस ज्या घरात काम घुसवावयाचे, त्याच घरात सातव्या दिवशी माणूस काय करतो, हे कोडे या सद्गृहस्थांना पडावे, यात आश्चर्य ते काय?

स्त्रीचे दोन कारखाने

या व्यवस्थेचा सर्वांत जड भार स्त्रीवर पडतो. केंद्राच्या सांख्यिकी खात्याने २०२४ साली केलेल्या कालवापर पाहणीनुसार घरातील विनावेतन कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांत दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवितात. पुरुषांचा आकडा ८८ मिनिटांचा आहे. म्हणजे नोकरीचे काम घरात येण्यापूर्वीच स्त्रीच्या घरात जवळजवळ पाच तासांची एक पाळी चालूच असते. त्यावर दुसरी पाळी रचली की पाळ्यांमधील सीमारेषाच पुसली जाते. गिरणीत निदान भोंगा होता. घरात भोंगा नाही. फक्त कुकरची शिटी आहे, आणि ती सुट्टीची नव्हे.

२०१७ च्या मातृत्व-लाभ दुरुस्तीने पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सक्ती केली आणि त्याच दुरुस्तीने रजेनंतर परस्परसंमतीने घरून काम करण्याची मुभाही दिली. मुभा चांगली आहे. परंतु पाळणाघर बांधण्यास पैसा लागतो आणि आईला घरी पाठविण्यास काहीच लागत नाही, तेव्हा मालक कोणती तरतूद आपुलकीने पाळील, हे सांगावयास ज्योतिषी नको. जेथे पाळणाघर नाही, सुरक्षित वाहन नाही, घरात वाटून घेणारे कोणी नाही, तेथे ‘तिने स्वतःच निवड केली’ असे म्हणणे ही निवड या शब्दाची विटंबना आहे. विडीवालीनेही घरकाम असेच ‘निवडले’ होते.

आणि घर म्हणजे तरी किती? मुंबईच्या बी. डी. डी. चाळीतील खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्या जागेत सासू जप करते, पोर पाढे म्हणते आणि मोबाईलच्या पडद्यावरून सून परदेशी ग्राहकाची तक्रार हसतमुखाने ऐकून घेते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, माग भिवंडीच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेले आणि गिरण्यांच्या जागी काचेच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. आजोबांना गिरणीतून घरी पाठविले गेले, नातीला त्याच जमिनीवरील कचेरीतून घरी पाठविले जाते. फरक एवढाच की आजोबांबरोबर काम घरी आले नव्हते.

कायद्याला घाई कोणाची?

राज्यसंस्था मंद आहे, हा आरोप अर्धसत्य आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये दूरसंचार खात्याने नियम सैल करून सेवा-कंपन्यांना घरून काम करून घेण्याची वाट मोकळी केली. जुलै २०२२ मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रांच्या नियमांत नवे कलम घालून निम्म्या कर्मचाऱ्यांना घरून काम करू देण्याची सोय झाली. भांडवलाला निकड भासली की सरकारी फाईल धावते. उलट आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २० जून १९९६ रोजी घरकामाविषयीचा १७७ क्रमांकाचा करार स्वीकारला. घरी काम करणाऱ्यास इतर कामगारांच्या बरोबरीची वागणूक मिळावी, हे त्याचे सार. त्यासाठी ‘सेवा’ संघटनेच्या इला भट यांनी जगभर आग्रह धरला होता. ज्या देशातून हा आवाज उठला त्या भारताने त्या करारास आजवर मान्यता दिलेली नाही.

कामाच्या वेळेनंतर साहेबाचा फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्सने २०१७ पासून अमलात आणला. घरकामाचा खर्च मालकाने सोसावा, असा दंडक स्पेनने घातला. पोर्तुगालने २०२१ साली विश्रांतीच्या वेळी कामगाराशी संपर्क साधण्यास मालकांना मनाई केली. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी याच आशयाचे खाजगी विधेयक लोकसभेत मांडले. परंतु १९७० नंतर एकही खाजगी विधेयक संसदेत संमत झालेले नाही, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी विधेयकावर विसंबून राहू नये. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये जी तत्परता दाखविली, ती खाजगी आस्थापनांतील कामाचा दिवस नऊ तासांवरून दहा तासांवर नेण्याच्या निर्णयाला मंजुरी देण्यात.

फाटक हरवलेली चळवळ

आता थोडे आत्मपरीक्षण. कामगार चळवळीची सारी रीत फाटकावर उभी आहे. फाटकावर सभा, फाटकावर वर्गणी, फाटकावर पत्रके, फाटकावर निदर्शने. घरून काम करणाऱ्याला फाटकच नाही. कार्यकर्ता पत्रकांचा गठ्ठा घेऊन उभा राहणार कोठे? याचे उत्तर शोधण्याऐवजी अनेक कार्यकर्ते सुस्कारा टाकून म्हणतात, “ते संगणकवाले साहेब लोक, ते काय लढणार?” ही भूमिका आळशी आहे आणि चुकीचीही. घरून काम करणाऱ्याची २००८ च्या असंघटित कामगार कायद्यातील आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतील व्याख्या उघडून पाहावी. स्वतःच्या घरी किंवा मालकाच्या कार्यस्थळाबाहेर, मोबदला घेऊन, मालकासाठी वस्तू वा सेवा निर्माण करणारी व्यक्ती. साधने कोणाची, हा प्रश्न गौण. शब्दशः घेतली तर ही व्याख्या विडीवालीला आणि संगणकवाल्याला एकाच सतरंजीवर बसविते. कायद्याने जे नकळत ओळखले, ते चळवळीने जाणूनबुजून नाकारावे काय?

तेव्हा मार्ग स्पष्ट आहे. विडीवालींना तरी कोणते फाटक होते? त्यांना गल्लीगल्लीतून, वस्तीवस्तीतून संघटित केले गेले. माल देण्या-घेण्याची शाखा हेच त्यांचे फाटक बनले. आज वस्ती आणि गृहसंस्था हेच संघटनेचे क्षेत्र मानले पाहिजे. मागण्याही दोघांच्या समान आहेत. १७७ व्या कराराला केंद्राने मान्यता द्यावी. जागा, वीज, साधने यांचा खर्च मालकाने वेतनाहून वेगळा द्यावा. कामाचे तास लेखी असावेत आणि त्यापुढील प्रत्येक तासाला जादा मोबदला मिळावा. १९६६ च्या कायद्याखालील नियमांनी विड्या नाकारण्याच्या मालकाच्या लहरीला साधारणतः शेकडा पाचाची मर्यादा घातली होती. त्याच न्यायाने पडद्याआडून बटणांचे ठोके मोजणाऱ्या नव्या मुकादमालाही नियमाचे वेसण घालावे. घरून काम ऐच्छिक असावे, आणि ते नाकारल्याने वा स्वीकारल्याने कोणाची बढती अडू नये. वीज गेली, घर बुडाले, तर त्या दिवसाचे वेतन कापले जाऊ नये. पावसाची सुट्टी ही कामगाराचीही असावी, एकट्या शाळकरी पोराची नव्हे.

यंदाही पाणी तुंबेल, आवाहने निघतील आणि माणसे घरी राहतील. अशा एखाद्या संध्याकाळी कार्यकर्त्यांनी छत्री उघडून आपल्याच जिन्यावरील चार दारे ठोठवावीत. एका दाराआड विडी वळली जात असेल, दुसऱ्याआड संगणक चालू असेल. दोघांनाही एकच प्रश्न विचारावा: हे घर तुमचे आहे की मालकाचे? उत्तर एकदम मिळणार नाही. कढईतील तेल मात्र तापलेले असेल, आणि भज्यांच्या निमित्ताने तासभर काम बाजूला ठेवले गेले, तरी संघटनेचा श्रीगणेशा झाला असे समजावे.